जागल्याचं नाक

“बाई, माझ्या नावापुढं सरळ चोर लिवा,” दस्तगीर शिकलगार म्हणाला. “पर ते संशयित तेवढं लिवू नका.”

शनिवारची दुपार होती. वाघेरीतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत वीज गेलेली, बाकीचे लोक जेवायला गेलेले. मी उपसंपादक म्हणून उद्याच्या पानांची मुद्रितं तपासत बसले होते. दस्तगीर चपला दाराबाहेर काढून टेबलासमोर उभा होता.

“चोर लिहिता येत नाही,” मी म्हणाले. “कोर्टाने ठरवल्याशिवाय कुणी चोर नसतो.”

“आन् संशयित?”

“ते पोलिसांनी ठरवलं तरी चालतं.”

“तेच म्हंतो मी. चोराला लोक पोलिसात देत्यात. संशयिताला हितंच मारत्यात. चोर झालो तर लॉकपमदी तरी सुखरूप ऱ्हाईन.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. वर्षभरापूर्वी ते बरोबर नव्हतं.

दस्तगीर एस.टी. स्टँडसमोरच्या कडुलिंबाखाली लाकडी पेटी घेऊन बसायचा. किल्ल्या करून द्यायचा, अडकलेली कुलपं उघडायचा. वाघेरीत कुठेही चोरी झाली की फौजदार आधी त्याला बोलावत. दस्तगीर जाऊन कुलूप बघायचा, ते पहारीने उचकटलंय की किल्लीने उघडलंय ते सांगायचा, चहा प्यायचा आणि परत लिंबाखाली येऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही छापायचो, ‘संशयित म्हणून दस्तगीर शिकलगार याची चौकशी.’ यात कुणाला काही वाटत नसे. दस्तगीरचा तर धंदा वाढायचा. पोलिसांना ज्याचा संशय येतो त्याला कुठलंही कुलूप उघडता येत असणार, असा लोकांचा हिशेब होता.

मग जागल्या आला.

जागल्या हा आमच्या रविवारच्या पुरवणीतल्या चित्रकथेचा नायक. अंगावर काळी घोंगडी, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात काठी. घोंगडी पसरून तो देवळाच्या शिखरावरून थेट बाजारपेठेत उतरायचा. त्याला अंधारात दिसायचं, झोप कधी लागायची नाही, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाजवळ गेलं की त्याचं नाक खाजायचं. पुरावा म्हणून एवढं पुरेसं होतं. नाक खाजलं की काठी.

ही चित्रकथा काढायचा रंगनाथ चितारी. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, सिनेमाचे बोर्ड हे त्याचं मूळ काम. चाळिशी ओलांडलेला, एकटा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. सुरुवातीला त्याचा जागल्या चोर पकडून चौकीत आणून द्यायचा. आमचे मालक-संपादक नाना शिवणकर यांना ते पटलं नाही.

“चितारी, तुमचा जागल्या पकडून देतो आणि पोलिस सोडून देतात. एवढं तर वाचकाला आठवडाभर फुकट बघायला मिळतं. त्यासाठी तो रविवारी पेपर कशाला घेईल?”

त्या रविवारी जागल्याने एक थप्पड मारली. एजंटांनी जादा अंक मागवले. दिवाळीत त्याने एकाचा पाय मोडला. संक्रांतीला दुधात पाणी घालणाऱ्याला त्याच्याच पिंपात उलटा बुडवला, तेव्हा आमच्या मशीनवर पुरवणी दुसऱ्यांदा छापावी लागली.

अडचण एकच होती. रंगनाथला पाहिलेलाच चेहरा काढता यायचा. मनाने काढलेला माणूस त्याच्या हातून बटाट्यासारखा व्हायचा. त्यामुळे भेसळीच्या तुपाची गोष्ट आली तेव्हा त्यातला व्यापारी पेठेतल्या एका खऱ्या व्यापाऱ्यासारखा झाला आणि त्याची नोटीस आली. नानांनी परांडेकर वकिलांना बोलावलं. परांडेकर आमचे कायदेशीर सल्लागार. त्यांनी पुरवणी वाचली, चष्मा पुसला आणि निर्णय दिला.

“बातमीला जो नियम तोच चित्राला. चोर म्हणायचं नाही, भेसळखोर म्हणायचं नाही. डोक्यावर बाण काढा आणि संशयित लिहा. मग मारायला काही हरकत नाही.”

तेव्हापासून दर रविवारी एका माणसाच्या डोक्यावर बाण यायला लागला. बाणावर ‘संशयित’, आणि पुढच्या चौकटीत काठी. परांडेकरांचं समाधान झालं आणि गावाला एक नवा शब्द मिळाला. आया पोरांना म्हणायला लागल्या, “गप झोप, न्हाईतर संशयित करीन.” घोंगड्या आणि काठ्या घेतलेलं एक जागल्या मित्रमंडळ निघालं. मंडळाने चैत्रात दोघांना मारलं. एक जण स्वतःच्याच सायकलचं कुलूप दगडाने तोडत होता. दुसरा सासुरवाडीत मागच्या दाराने शिरणारा जावई होता. दोन्ही बातम्यांना नानांनी स्वतः मथळा दिला: ‘नागरिकांची सतर्कता’.

आणि आता देवीच्या देवळातलं चांदीचं छत्र नाहीसं झालं होतं, दाराचं कुलूप शाबूत होतं आणि फौजदारांनी शुक्रवारी दस्तगीरला बोलावलं होतं. बातमीदाराची प्रत माझ्यासमोर होती. नेहमीचं वाक्य नेहमीच्या जागी होतं.

मी ते वाक्य खोडलं. ‘पोलिसांनी जाणकाराकडून कुलपाची तपासणी करून घेतली,’ असं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

“जाणकार,” दस्तगीर म्हणाला. “हे ब्येस हाय. ह्याला मारत न्हाईत न्हवं?”

“अजून तरी नाही.”

तो समाधानाने वळला. दाराशी उद्याच्या पुरवणीचे गठ्ठे रचून ठेवले होते. पुरवणी गुरुवारीच छापून व्हायची, शनिवारी संध्याकाळी मुख्य अंकाबरोबर ती एजंटांकडे जायची. चपला घालता घालता दस्तगीरने वरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. एक पाय चपलेत आणि एक बाहेर असा तो तसाच थांबला.

“बाई, हा कोन?”

मी उठून गेले. चित्रात एस.टी. स्टँड होता, कडुलिंब होता, लाकडी पेटी होती. पेटीमागे एक माणूस मान तिरकी करून किल्लीला कानस मारत होता. दस्तगीरचा डावा खांदा जरा पडलेला होता, तसाच त्याचाही होता. डोक्यावर बाण होता. पुढच्या चौकटीत जागल्याचं नाक खाजत होतं. त्याच्या पुढची चौकट पाहायची गरज नव्हती.

दस्तगीर गठ्ठ्यावरच बसला.

तासाभरात नाना, परांडेकर वकील आणि रंगनाथ असे तिघेही कचेरीत जमले. रंगनाथच्या हाताला निळा रंग लागलेला होता.

“मला काय ठाऊक छत्र जाणार ते,” तो म्हणाला. “मी त्याच्या समोरच्या भिंतीवर खताची जाहिरात रंगवत होतो. हा समोर बसलेला. बसलेला माणूस काढायला बरा पडतो.”

“मला सांगितलं आसतं तर म्या उठलो आसतो,” दस्तगीर म्हणाला.

“उद्याची पुरवणी टाकू नका,” मी नानांना म्हणाले. “गावात छत्राशिवाय दुसरा विषय नाही. याला उद्या मारतील.”

नानांनी खुर्ची ओढली. “बाई, लोक जागल्या विकत घेतात. आपला पेपर त्याच्याभोवती गुंडाळून जातो. पुरवणी नाही म्हटल्यावर उद्या लोक मलाच संशयित करतील.”

“मग ती चौकट काळी करा.”

“सगळ्या अंकांवर? कोण करणार?”

“आपण खुलासा देऊ,” परांडेकर म्हणाले. त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या मजकूर लिहिला. मग खणखणीत आवाजात वाचला: ‘आजच्या चित्रकथेतील संशयित आणि एस.टी. स्टँडसमोरील कडुलिंबाखाली बसून किल्ल्या तयार करणारे श्री. दस्तगीर शिकलगार यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.’

मी म्हणाले, “वकीलसाहेब, ज्यांना ओळखू आलं नसतं त्यांनाही आता येईल.”

“संदिग्धता राहिली तर कोर्टात त्रास होतो.”

“तुम्ही पत्तासुद्धा दिलाय.”

“दिलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या कुणा शिकलगाराला विनाकारण मार बसायचा.”

“पहिल्या पानावर घ्या,” नाना म्हणाले. “चौकटीत. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

खुलाशाचं मुद्रित माझ्याकडेच आलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

निघताना मी दस्तगीरला म्हणाले, “उद्या बसू नका. घरी राहा.”

“उद्या बाजार हाय. आन् न्हाई बसलो तर म्हंतील, पळाला.” तो रंगनाथकडे वळला. “चितारी, तुमीच या तिथं. काढलं तुमी, तर तुमीच सांगा लोकास्नी.”

“येतो,” रंगनाथ म्हणाला. “माझी भिंतही अर्धी राहिलीय.”

रविवारी सकाळी मी स्टँडवर पोचले तेव्हा बाजार अजून भरत होता. दस्तगीर पेटीमागे बसला होता. शेजारच्या न्हाव्याने लिंबाच्या खोडावर आरसा अडकवला होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. रंगनाथ रस्त्यापलीकडे धर्मशाळेच्या भिंतीसमोर रंगाचे डबे उघडत होता. सगळीकडे लोक पेपर वाचत होते. आधी पहिलं पान, मग पुरवणी, मग लिंबाकडे एक नजर. पुन्हा पुरवणी.

“चितारींनी कान बरोबर काढलाय,” एक जण म्हणाला.

“खांदा बघ, खांदा.”

मंडळ आलं ते रांगेत. वैशाखाच्या उन्हात प्रत्येकाच्या अंगावर काळी घोंगडी होती आणि चेहऱ्यांवरून घाम निथळत होता. पुढे ढवळे सर होते. सर हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायचे आणि मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या हातात आमचा अंक होता.

“नमस्कार, बाई,” ते मला म्हणाले. “पेपरची माणसं आली ते बरं झालं. सगळं उघड्यावर झालेलं चांगलं.”

“सर, हे काय चाललंय?”

“आम्ही कायदा हातात घेणार नाही. आम्ही फक्त काठ्या घेतल्या आहेत.” मग ते दस्तगीरकडे वळले. “शिकलगार, छत्र कुठे आहे?”

“मला ठावं न्हाई, सर.”

पुढच्या रांगेतल्या एकाचं नाक घामाने खाजलं. त्याने ते खाजवलं. सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली.

“थांबा,” मी म्हणाले. “संबंध नाही असं आम्ही पहिल्या पानावर छापलंय.”

“वाचलं मी. दोनदा वाचलं,” ढवळे सर म्हणाले. “संबंध नसता तर तसं सांगायची गरज काय होती? माझाही छत्राशी संबंध नाही. माझा खुलासा छापलात का?”

लोकांना हे फार पटलं.

तेवढ्यात रंगनाथ रस्ता ओलांडून मध्ये आला. हातात ओला ब्रश तसाच होता.

“हे मी काढलंय,” तो म्हणाला. “गोष्ट माझी आहे. मला बसलेला माणूस हवा होता, हा बसलेला होता. एवढंच. त्याने काही केलेलं नाही.”

ढवळे सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चितारी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?”

“नाही.”

“घाबरू नका. मंडळ तुमच्या पाठीशी आहे.”

“अहो, मी सांगतोय ना. जागल्या मीच काढतो. त्याला काय कळतं काय नाही, ते माझ्यापेक्षा कोण जास्त सांगणार?”

“तसं नसतं,” सर समजुतीने म्हणाले. “तुम्ही काय म्हणता याला आमच्या दृष्टीने महत्त्व नाही. जागल्या काय म्हणतो याला आहे.”

रंगनाथने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या अर्ध्या भागावर निळं आभाळ आणि खताचं पोतं होतं. अर्धी भिंत नुसत्या चुन्याची, पांढरी होती.

“मग त्यालाच विचारू,” तो म्हणाला.

त्याने काळ्या रंगाचा डबा घेतला आणि भिंतीवर मोठी चौकट आखली. लोक वळले. रंगवणाऱ्या माणसाला बघत उभं राहणं ही वाघेरीची जुनी सवय होती. चौकटीत आधी घोंगडी उमटली, मग पट्टी, मग काठी. जागल्या भिंतीवर माणसाएवढा मोठा होता. त्याच्यासमोर पेटी, पेटीमागे दस्तगीर. खरा दस्तगीर रस्त्याच्या अलीकडे तसाच बसून होता. मंडळाने घोंगड्या काढून खाली अंथरल्या आणि त्यांवर बसकण मारली. रसवाला गाडा ढकलत तिकडे गेला.

“डोक्यावर बाण न्हाई काढला,” कुणीतरी म्हणालं.

“थांब रे. आधी नाक बघू दे.”

दुसऱ्या चौकटीत रंगनाथने फक्त जागल्याचा चेहरा काढला. नाक मोठं, ठळक, निवांत. तोंडातून फुगा काढून त्यात लिहिलं, ‘खाजत नाही.’

पुढचे लोक सरकून जवळून वाचायला लागले. मग पुटपुट सुरू झाली.

“खाजत न्हाई म्हंतोय.”

“सोताच म्हंतोय का?”

“सोताच. फुग्यात हाय.”

ढवळे सर उठून भिंतीजवळ गेले. त्यांनी फुग्यातला मजकूर जवळून वाचला, जणू खाली सही आहे का ते पाहत होते. मग परत येऊन लिंबाखाली उभे राहिले.

“शिकलगार, तुम्ही निर्दोष आहात,” ते म्हणाले. “मंडळाच्या वतीने दिलगिरी.”

दस्तगीरने मान हलवली. त्याने कानस पुन्हा किल्लीला लावली.

मला वाटलं, संपलं. मी पेनाला टोपण लावलं.

“मग छत्र कोणी नेलं?” ढवळे सरांनी विचारलं.

“मला काय माहीत,” रंगनाथ ब्रश पुसत म्हणाला.

“तुम्हाला नसेल. त्याला असणार. काढा.”

“काढा, चितारी,” मागून आवाज आला. “येवढं आलोय तर व्हऊन जाऊ द्या.”

“गोष्ट अर्धी कशी ठेवायची?”

“माणसं कामधंदा सोडून आल्यात.”

रंगनाथने तिसरी चौकट आखली. त्यात जागल्या काढला, काठी उगारलेला. काठीसमोर मोकळी जागा ठेवली आणि त्या जागेवर बाण काढला. बाणावर ‘संशयित’ लिहिलं, सवयीने, सुबक अक्षरात. मग तो थांबला. बाणाखाली नुसता चुना होता.

त्याला पाहिल्याशिवाय चेहरा काढता येत नाही, हे मला माहीत होतं. तो मागे वळला आणि त्याने लोकांकडे पाहिलं.

त्याची नजर जिथे गेली तिथली माणसं सरकली. घोंगडीवर बसलेल्या एकाने घोंगडी डोक्यावर ओढून घेतली. रसवाल्याने खाली वाकून चाकाचं काहीतरी पाहायला सुरुवात केली. एक बाई पदर तोंडाशी धरून दुसरीच्या मागे गेली. ढवळे सरांवर नजर आली तेव्हा सरांनी अंक उघडून तोंडासमोर धरला.

“चितारी,” अंकामागून ते म्हणाले, “शक्यतो बाहेरगावचा कुणी काढा.”

रंगनाथची नजर माझ्यावर आली. मी मागे सरले की नाही हे मला आठवत नाही. उभी होते तिथे माझ्या पाठीला लिंबाचं खोड लागत होतं.

तो चालत लिंबापाशी आला. न्हाव्याला म्हणाला, “आरसा दे जरा.” न्हाव्याने खिळ्यावरून आरसा काढून दिला. रंगनाथने तो नेऊन भिंतीपाशी एका डब्यावर टेकवून ठेवला, खाली बसला, पाहिलं, उठला आणि काढायला लागला. भिंतीवर आधी जाड भिंगांचा चष्मा उमटला. त्यामुळे पुढचं ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही.

पंढरपूर गाडी लागल्याची घोषणा झाली, पण कुणी उठलं नाही.

“हे तर तुमीच की,” शेवटी एक जण म्हणाला.

“होय,” रंगनाथ म्हणाला.

“म्हंजे छत्र तुमी...”

“बाण कुठे आहे ते बघा. मला कशाला विचारता? माझ्या म्हणण्याला महत्त्व नाही ना.”

मला वाटलं, आता तरी लोक हसतील. त्याचीही तीच अपेक्षा असावी. ब्रश खाली करून तो जरासा हसून उभा होता. लोक भिंतीकडे बघत होते. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं होतं.

“जागल्यानं बापालासुदिक सोडलं न्हाई,” मागचा एक म्हातारा म्हणाला.

टाळ्या पडल्या. पहिल्यांदा थोड्या, मग सगळ्यांच्या. मग मंडळ उठलं, घोंगड्या झटकून अंगावर घेतल्या आणि रस्ता ओलांडला.

“सर, हे खोटं आहे,” मी ढवळे सरांच्या पुढे जाऊन उभी राहिले. “दुसऱ्या कुणाला मार बसू नये म्हणून बोलतोय तो. तुमच्यासमोर आरशात बघून काढलं त्याने.”

“बाई, त्याने स्वतःहून कबूल केलं. माणूस मोठा आहे. त्याचा मोठेपणा तुम्ही कमी करू नका.”

दस्तगीर पेटी तशीच सोडून धावत आला. “त्यानं न्हाई केलं, सर. म्या सांगतो. कुलूप बघितलंय मी. कुलपाला कुणी हातच लावल्याला न्हाई.”

“तुम्ही मध्ये पडू नका,” ढवळे सर म्हणाले. “तुम्ही आता निर्दोष आहात.”

फार मारलं नाही. दोन थपडा आणि पाठीत एक काठी, रीत म्हणून. चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली आला. सर सारखे सांगत होते, “बेताने. पोरं बघताहेत.” मग त्यांनी त्याला मधोमध घेतलं आणि चौकीकडे नेलं. दस्तगीर थोडं अंतर त्यांच्याबरोबर गेला, पण कुणी त्याला जवळ येऊ देईना. तो परत येऊन बसला तेव्हा पेटीसमोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. ज्याच्या बाजूने जागल्याने सांगितलं, त्याच्याकडून किल्ली करून घ्यायची होती.

फौजदारांनी रंगनाथला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. तक्रार कुणाचीच नव्हती. बातमी मी लिहिली. मारहाण करणाऱ्यांची नावं मी दिली होती. परांडेकरांनी ती खोडून ‘संतप्त जमाव’ केलं, आणि रंगनाथच्या नावाआधी एकच शब्द घातला. बुधवारी छत्र देवळात परत आलं. एका विश्वस्ताने ते दांडी बदलून घ्यायला सोनाराकडे दिलं होतं आणि बाकीच्यांना सांगायचं राहून गेलं होतं. ती बातमी आतल्या पानावर, बाजारभावांखाली बसली. ढवळे सरांनी ती वाचली की नाही मला माहीत नाही. धर्मशाळेची भिंत मंडळाने तशीच राखली. तिला कुणी चुना लावू देईना.

गुरुवारी पुरवणी छापायची होती आणि रंगनाथ कचेरीत आला नव्हता. त्याच्या खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, मंगळवारी पहाटेच्या गाडीने गेला, कुठे ते बोलला नाही, बरोबर रंगाची पिशवी होती. नानांना रंगनाथपेक्षा चित्रकथेची काळजी होती. त्यांनी दस्तगीरला बोलावलं.

दस्तगीरने कुलपात एक तार घातली, कान लावला आणि ते उघडलं. आम्ही तिघं आत गेलो. खोलीत एक कॉट होती, एक स्टूल होतं, आणि चित्रं काढायच्या उतरत्या फळीवर पुढच्या रविवारचं पान टाचण्यांनी लावलेलं होतं. पुरं झालेलं होतं.

“झालं म्हणायचं काम,” नाना म्हणाले. “माणूस कसाही असो, वक्तशीर.”

आम्ही जवळ जाऊन पाहिलं. नेहमीच्या चौकटी नव्हत्या. सबंध पानभर एकच चित्र होतं. लिंब, स्टँड, आणि खाली माणसं. रसवाला होता, न्हावी होता, घोंगडीवाले होते, तोंड झाकणारी बाई होती. ढवळे सर होते, त्यांच्या हातातल्या पेपरची घडीसुद्धा होती. प्रत्येक चेहरा ओळखू येत होता. सगळे समोर बघत होते, चित्र बघणाऱ्याकडे.

“यात जागल्या कुठाय?” नानांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मी आहे का?”

“आहात. डावीकडे, वकिलांच्या शेजारी.”

नानांनी वाकून पाहिलं. “बरा काढलाय.”

“तुमी बी हायसा, बाई,” दस्तगीर म्हणाला.

“कुठे?”

“ह्ये काय, झाडाला टेकून. लिवताय.”

नाना सरळ झाले आणि पुन्हा सगळं पान वरून खाली तपासलं. “पण संशयित कोण? बाण कुणाकडे आहे?”

“बाण काढलेला नाही.”

“राहिला असेल.”

“राहिला नसावा,” मी म्हणाले. “वर जागा सोडलीय.”

नाना बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालाने मान पुसली.

“हे छापता यायचं नाही,” ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. दस्तगीर उंबऱ्याशी हातात कुलूप घेऊन थांबला होता.

“परत लावू का?” त्याने विचारलं.

“लावा,” नाना म्हणाले.